शेतीचा पर्याय उघडत नाही

चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. कारण हा किस्सा ऐकताना माझ्या सख्ख्या साडूच्या नाकातून चहा आलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याचा शर्ट नवीन होता. माझ्या फजितीवर हसायला सगळ्यांना मोकळीक आहे. धुणं मात्र ज्याचं त्यानं पाहायचं.

तर मी अमरावतीत एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. पण आमच्या खानदानात मला कॉम्प्युटरचा माणूस म्हणतात. का? तर फार वर्षांपूर्वी ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, सगळे हात बांधून लांब उभे राहिले आणि मी पुढे होऊन बटण दाबलं. तो सुरू झाला. संपलं! त्या दिवसापासून मोर्शीपासून मूर्तिजापूरपर्यंत कोणाही नातेवाइकाचा फॉर्म माझ्याशिवाय भरला जात नाही. मीही कधी कोणाला सांगितलं नाही की बाप्पा, मला एवढंच येतं.

एका रविवारी सकाळी माझे मोठे बंधू आले. त्यांना आम्ही सगळे भाऊच म्हणतो. मोर्शीजवळ त्यांची बारा एकर शेती, त्यात संत्र्याची बाग. सोबत पिशवीभर संत्री आणि मुलगा मंगेश.

मंगेशबद्दल काय बोलू? वय तेहेतीस, शेतीची पदवी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, बोलणं मोजकं. आणि लग्न जमेना. "मुलगा छान आहे हो, पण शेती करतो." हे वाक्य भाऊंनी इतक्या घरांत ऐकलं होतं की पुढे पुढे समोरच्यानं नुसतं "मुलगा छान आहे" म्हटलं, की भाऊ चपला शोधायला लागत.

अकोल्याला आमच्या समाजाच्या मंडळाचा परिचय मेळावा होता. मेळाव्याआधी मंडळ लग्नाच्या मुलामुलींची एक पुस्तिका छापतं. ती नोंदणी करणाऱ्यांच्या घरी जाते, लोक ती पंचांगापेक्षा बारकाईनं वाचतात, आणि मग फोन वाजतात. यंदा नोंदणी मंडळाच्या वेबसाईटवर होती. शेवटचा दिवस तोच, संध्याकाळी पाचपर्यंत.

"रम्या," भाऊ मला म्हणाले, "हे शेवटचं पाह्यतो. याच्यात नाई जमलं तं मी पोट्ट्याच्या लग्नाचं नावच नाई काढनार."

मंगेशची एकच अट होती. "काका, व्यवसाय शेतीच लिहजा. मागच्या बारी मामानं 'खासगी नोकरी' लिहून देल्लं. पोट्टीवाल्यायनं तोंडावर सांगतलं, तुमी आमाले फसवलं. मले मान वर करता नाई आली. मी शेतकरी आहो, शेतकरीच राहीन, अन् शेतकरी म्हनूनच लग्न करीन. नाई झालं तं नाई झालं."

"अरे, पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. माझं हे वाक्य लक्षात ठेवा.

कॉम्प्युटर सुरू केला, ब्राउझर उघडला, तर समोर रंगीत फुगे! "अभिनंदन! तुमचा ब्राउझर आता नवीन झाला आहे." अरे, मी सांगितलं होतं का? अर्ज केला होता का? आमच्या घरात साखरेचा डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायचा तर आधी तीन दिवस भांडण होतं. आणि हा परस्पर सगळं हलवून वरून माझंच अभिनंदन करतो!

बरं, म्हटलं, असू दे. मंडळाची वेबसाईट उघडली. वर मंडळाच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, शेजारी उपाध्यक्षांचा जरा लहान, खाली लाल अक्षरांची सरकणारी पट्टी, त्याखाली पाहुणे मोजणारं मीटर. नेहमीचंच. फक्त नवीन व्हर्जनमध्ये अध्यक्षांचा फोटो इतका पसरला होता की उपाध्यक्ष त्यांच्या मागे पूर्ण झाकले गेले होते. मंडळातही तेच झालं आहे म्हणा, पण तो विषय वेगळा.

नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, शिक्षण टाकलं. मग आला 'व्यवसाय'. तिथे टाईप करायचं नव्हतं, यादीतून निवडायचं होतं. यादीत पहिला पर्याय आपोआप दिसत होता, 'शासकीय नोकरी'. त्याच्या बाजूच्या बाणावर क्लिक केलं, की खाली खासगी नोकरी, धंदा, शेती वगैरे उघडायला पाहिजे.

क्लिक केलं. काही नाही. पुन्हा क्लिक केलं. यादी हूं की चूं करेना.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही, लोड होऊन राहिलं."

कॉम्प्युटर येत असल्याचं सोंग करणाऱ्या प्रत्येक माणसानं हे वाक्य एकदा तरी वापरलेलं आहे. मी त्या दिवशी अकरा वेळा वापरलं.

पान पुन्हा उघडलं, तर भरलेलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा भरलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा भरलं. मग मी ब्राउझरची ती प्रसिद्ध साफसफाई केली, जी सगळे सांगतात आणि का करायची ते कोणालाच माहीत नसतं. त्यात कॉलेजच्या कामाचे माझे सगळे पासवर्ड धुऊन निघाले. यादी जिथल्या तिथे. मोबाईलवर उघडून पाहिलं, तर त्या स्क्रीनवर एकटे अध्यक्षच मावले.

माझी बायको सुलभा चहा घेऊन आली. तिनं मागूनच पाहिलं. "अहो, वरती काहीतरी लाल लाल लिहून येऊन राहिलं. थे वाचलं का?"

"ते काही नसतं. तसं सगळ्याच वेबसाईटींवर असतं."

"पण वाचाले काय जाते?"

"सुलभा, कॉम्प्युटर तुला कळतो की मला?"

तिनं नुसता कप ठेवला. पंचवीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळायला हवं होतं, की ती न बोलता कप ठेवते तेव्हा ती बरोबर असते.

एक वाजता भाऊ उठले. बाग पाहायला वरूडचा व्यापारी येणार होता, थांबता येईना. मंगेश फाटकापर्यंत गेला आणि परत फिरून आला.

"काका, शेतीच."

"हो रे बाबा, शेतीच!"

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी चिडलो की आरडाओरडा करत नाही. मी पत्र लिहितो. हेडक्लार्क चिडल्यावर दुसरं काय करणार? वेबसाईटच्या तळाशी 'संपर्क' म्हणून एक ईमेल पत्ता होता. नोंदणीसाठी मंगेशच्या नावानं नवीन ईमेल काढला होता, तो समोर उघडाच होता. लावला धडाका.

पहिला मेल सभ्य होता. "विषय: व्यवसायाची यादी न उघडणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की..." दुसरा स्मरणपत्र. तिसरा, "संदर्भ: माझे आजचेच दोन मेल." चौथ्यात मी लिहिलं की ब्राउझर नवा झाला तर वेबसाईटनंही अंग हलवावं, आपली वेबसाईट पेन्शनीत निघाली आहे काय? पाचव्यात, "आपल्या वेबसाईटला शेतकरी चालत नसल्यास तसे लेखी कळवावे." सहाव्यात काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही, समोर बायामाणसं बसली आहेत. आणि सातवा! सातव्यावर सहा संदर्भ होते. शेवट असा: "मी शेतकरी आहे, शेतकरीच राहीन आणि शेतकरी म्हणूनच लग्न करीन. आपली यादी उघडो अगर न उघडो. आपला, मंगेश."

खाली सही पुतण्याची, बरं का. सातही मेलवर.

तुम्ही विचाराल, उत्तर काय आलं? मी पाहिलंच नाही. एकोणतीस वर्षं मी ऑफिसात जावक सांभाळली. आवक आमच्याकडे दुसऱ्या टेबलावर असते.

पाचाला दहा कमी होते. फॉर्म सहाव्यांदा भरलेला, डोळ्यांत पाणी आलेलं, यादीत ठामपणे 'शासकीय नोकरी'. रक्तगटाची यादीही उघडत नव्हती. तिथे पहिला पर्याय 'ए पॉझिटिव्ह' होता, आणि मंगेशचा नेमका तोच आहे. मी स्वतःला म्हटलं, देवानं रक्तगट जुळवला, नोकरीचंही तोच पाहून घेईल.

आणि खरं सांगू? मनात आणखी एक गोष्ट होती. 'शेती' लिहून फोन येणार कुठून? राहू दे नोकरी. निदान फोन तर वाजेल! हे माझ्या मनात आलं, आणि मी बटण दाबलं. हिरवी खूण आली. "धन्यवाद! आपली नोंदणी झाली आहे."

भाऊंना फोन केला. "झालं."

"शेती लिहिली न?"

"भाऊ, सगळं व्यवस्थित झालं." म्हणजे मी खोटं बोललो नाही. फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ऑफिसात याला कौशल्य म्हणतात.

महिनाभरानं पुस्तिका निघाली. नोंदणीत पत्ता माझा होता, त्यामुळे आमची प्रत माझ्याकडे आली. मी ती कॉलेजमध्ये नेली आणि जुन्या परीक्षांच्या फाईलींमध्ये ठेवली. तिथे ठेवलेली वस्तू आजवर कोणालाच सापडलेली नाही.

आणि भाऊंचा फोन वाजायला लागला. एक नाही, दोन नाही, आठवडाभरात चौदा! ज्या घरात वर्षाकाठी एखादा फोन यायचा, तिथे भाऊ बागेत निघाले की वहिनी मागून ओरडायची, "अवो, थांबा, अजून एक आला!" लोक नोकरीचं काही विचारत नव्हते, कारण ते तर छापलेलंच होतं. ते सरळ म्हणत, कधी भेटायचं?

"रम्या, तुह्या हातात जादू आहे बे!" भाऊ म्हणाले.

"भाऊ, लिहायची एक पद्धत असते," मी म्हणालो. हे मी म्हणालो! जीभ झडली नाही माझी.

चौदातून भाऊंनी एक स्थळ पहिलं धरलं. अकोल्याचे गावंडे गुरुजी, निवृत्त मास्तर, एकुलती एक मुलगी पल्लवी, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. गुरुजी फोनवर म्हणाले, "आमची पोरगी पुस्तिका पाहून आजवर कोणालाच हो म्हणाली नव्हती. तुमच्या मुलाचं नाव वाचलं आणि लगेच म्हणाली, यांना बोलवा." भाऊंचा ऊर भरून आला. मी कॉलेजमध्ये जाऊन पुस्तिकेवर आणखी दोन फाईली ठेवल्या.

गाडीत आम्ही चौघे, भाऊ, वहिनी, मंगेश आणि मी. बडनेऱ्याला मी ठरवलं, आता सांगून टाकू. तिथे रेल्वे फाटकावर भाऊंनी व्याह्यांसाठी संत्र्याची पेटी दाखवली आणि माझं तोंड मिटलं. म्हटलं मूर्तिजापूरला सांगू. मूर्तिजापूरला चहा झाला. मंगेशनं नवा शर्ट घातला होता आणि आरशात पाहून केस नीट करत होता. त्याला असं करताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हटलं बोरगाव मंजूला नक्की. बोरगाव मंजू आलं कधी आणि गेलं कधी, कळलंच नाही. मग अकोला आलं.

गुरुजींनी प्रेमानं बसवलं. आलूबोंडे आले. आणि गुरुजींनी सुरुवात केली.

"बरं, कामाचं कसं काय? पक्कं आहे ना?"

"पक्कं म्हंजे!" भाऊ म्हणाले. "सात-बाऱ्यावर नाव चढवलं आहे जी त्याचं."

गुरुजींना सात-बाऱ्याचा संबंध लागेना. पण मास्तर माणूस, आपल्याला कळलं नाही हे दाखवत नाही. "छान. आणि बदली वगैरे?"

"बदली नाही होत!" हे मी. घाईघाईनं.

"ड्यूटी कशी असते?"

मंगेश म्हणाला, "सकाळी पाचले निघतो जी. पान्याची पाळी असली तं मंग लाईन जशी येईन तसं. टाइमाचं काई सांगता येत नाई."

"अच्छा, अच्छा! पाणीपुरवठा!" गुरुजींना एकदम उलगडा झाला. "चांगलं खातं आहे. वर साहेब कोण आहेत?"

"साहेब कोनी नाई," भाऊ म्हणाले. "मीच आहो."

"म्हणजे बाप-लेक एकाच ठिकाणी?"

"आमच्यात पिढीजात आहे जी. आमच्या बुढ्यापासून."

मी चौथा आलूबोंडा तोंडात कोंबला, म्हणजे मला कोणी काही विचारणार नाही. गुरुजी पुढे झुकले, आवाज खाली आणला.

"मग याची ऑर्डर... अनुकंपेवर निघाली का?"

"अनुकंपेवर?" भाऊ उडालेच. "अनुकंपा कायची जी? मी जित्ता आहो न!"

वहिनीनं पदर तोंडाला लावला. आणि मंगेश, ज्याला सगळ्यात आधी कळलं, तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मी नोकरीत आहो म्हनून तुमाले कोनं सांगतलं?"

गुरुजींनी टेबलाखालून पुस्तिका काढली. खुणेची चिठ्ठी घातलेलीच होती. "हे काय! शासकीय नोकरी."

मंगेशनं वाचलं. भाऊंनी चष्मा लावून वाचलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

आलूबोंडा गिळला. "भाऊ, त्याचं काय झालं, ब्राउझरचं नवीन व्हर्जन..."

"रम्या, तू चूप बस!" भाऊंचा हा आवाज मी लहानपणी विहिरीत वाकलो होतो तेव्हा ऐकला होता. त्यानंतर त्या दिवशी.

मंगेश उभा राहिला. हात जोडले. "गुरुजी, मी शेती करतो. बारा एक्कर वावर आहे, संत्रा आहे. नोकरी-गिकरी काई नाई. तुमची फसवनूक झाली, माफ करा. आमी निंगतो." आणि मग माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "काका, नोकरी लिहून चौदा फोन आले. शेती लिहिली असती तं तुमी किती धरले होते?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"मले एकच पायजे होता न, काका."

तिथे मी मेलो. तुम्ही हसू नका आता, इथे हसायचं नाही. त्या पोरानं भर घरात मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुजीही उठले होते. तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "बाबा, बसा. त्यांनाही बसू द्या."

पल्लवी बाहेर आली. हातात चहाचा ट्रे नाही, लॅपटॉप! पोरगी येऊन सरळ मंगेशच्या समोरच्या खुर्चीत बसली.

"मंडळाची वेबसाईट मी पाहते," ती म्हणाली. "पुस्तिका मंडळ छापतं, ती माझ्याकडे येत नाही. पण संपर्काचे मेल माझ्याकडे येतात. मला नोंदणीच्या शेवटच्या दिवशी एकाच माणसाचे सात मेल आले."

खोलीतली हवा एकदम कमी झाली. माझ्यासाठी तरी.

"दर वर्षी मला मेल येतात. मुलाचा व्यवसाय बदलून द्या, शेती काढा, नोकरी टाका, धंदा टाका, काहीही टाका. यादीत 'शासकीय नोकरी' आयती आलेली असताना 'शेती'च लिहायचं म्हणून दिवसभर भांडणारा हा पहिला माणूस. आणि मग पुस्तिका आली तर त्याच नावापुढे शासकीय नोकरी! मला विचारायचं होतं, हे असं कसं झालं?" तिनं वाचायला सुरुवात केली. "'आपल्या वेबसाईटला शेतकरी चालत नसल्यास तसे लेखी कळवावे.' हे तुम्हीच ना?"

मंगेशनं मान हलवली. "नाई. लेखी कळवावे, हे काकाचं आहे."

"'आपली वेबसाईट पेन्शनीत निघाली आहे काय?'"

"थे बी काकाचं."

"सहावा मेल?"

"सहावा मले माहीत नाई, पन काकाचाच असन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सहावा मेल तिनं मोठ्यानं वाचला नाही. देव तिचं भलं करो.

"आणि हे? 'मी शेतकरी आहे, शेतकरीच राहीन आणि शेतकरी म्हणूनच लग्न करीन.'"

"हे माहं आहे," मंगेश म्हणाला. "काकानं नुसतं टाइप केलं."

ती जरा हसली. मग वेबसाईट उघडून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "काका, मी तुमच्या सातही मेलला उत्तर दिलं होतं. दहा-दहा मिनिटांत."

"काय उत्तर?"

"'कृपया वरची लाल पट्टी वाचावी.' सात वेळा. शेवटच्यात कृपया काढून टाकलं होतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा ती पट्टी वाचली. सरकत सरकत ती उजवीकडून डावीकडे गेली, तिला काही घाई नव्हती, आणि भाऊ, वहिनी, गुरुजी, सगळे माझ्या खांद्यावरून वाचत होते. 'नवीन ब्राउझरमध्ये यादी उघडत नसल्यास जुना साधा फॉर्म भरण्यासाठी येथे क्लिक करा.' एका क्लिकचं काम! पाच मिनिटांचंही नाही.

"सुलभाले फोन लावा," वहिनी म्हणाली. "तिले हे सांगा लागन."

पल्लवीनं मंगेशला विचारलं, "माझं सगळं काम नेटवर असतं. तुमच्याकडे नेट येतं?"

मंगेशनं विचार केला. खोटं बोलायची ही चांगली संधी होती, मी असतो तर घेतली असती. तो म्हणाला, "घरी येते-जाते. पन विहिरीजवळ मोठं झाड आहे, त्याच्या खाली दोन काड्या पक्क्या येते."

"मग मला ते झाड पाहायचं आहे," ती म्हणाली.

गुरुजींनी आठवडाभर वेळ घेतला. मग स्वतः बाग पाहायला आले, मंगेशसोबत बांधाबांधानं फिरले, झाडाखाली उभं राहून मोबाईल वर करून काड्या मोजल्या, आणि घरी जाऊन हो म्हणाले. लग्न ठरलं तेव्हा भाऊ माझ्याशी पहिलं वाक्य बोलले. "पत्रिका तू नाई लिहायची." बाकी राग गेला होता. विहिरीजवळ आता खोली बांधली आहे, सूनबाई तिथे बसून काम करते आणि मंगेश तिला विचारल्याशिवाय झाडाची एक फांदी छाटत नाही.

पल्लवीनं वेबसाईट दुरुस्त केली. यादीत आता पहिला पर्याय 'शेती' आहे. आणि फॉर्मच्या शेवटी एक छोटी चौकट आली आहे, 'मी वरील लाल पट्टी वाचली आहे.' तिथे खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. घरात त्या चौकटीला सगळे रमेशकाकांची चौकट म्हणतात. असो. माणसाचं नाव कशानं का होईना, राहावं.

किस्सा इथे संपला असता तर मी शहाणा ठरलो असतो.

यंदा माझ्या मेव्हणीच्या मुलाचा फॉर्म भरायचा होता. सुलभा म्हणाली, पल्लवीला सांगा. मी म्हटलं, काही गरज नाही, मी आता अनुभवी माणूस आहे. बसलो. ब्राउझर उघडला, तर फुगे! नवीन व्हर्जन! पण मी डगमगलो नाही. सगळं भरलं, याद्या फटाफट उघडल्या, चौकटीत खूण केली, शेवटचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तासभर दाबलं.

आणि माझं डोकं सरकलं. "विषय: नवीन ब्राउझरमध्ये बटण न चालणेबाबत. संदर्भ: माझे मागील सात मेल." अख्खा दीड पानाचा मेल लिहिला. सुनेला लिहितो आहे हेही विसरलो. पाठवला.

मिनिटभरात उत्तर आलं. मेलवर नाही. आमच्या खानदानाच्या ग्रुपवर, जिथे मोर्शीपासून अकोल्यापर्यंतचे सगळे आहेत. तीनच शब्द.

"काका, पट्टी वाचा."

वाचली. म्हणजे मी नाही, मागून सुलभानं वाचली, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. 'यावर्षीची नोंदणी काल संध्याकाळी पाच वाजता बंद झाली आहे.'

मग तिनं चष्मा काढला, स्क्रीनच्या तळाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "अन् मंग ही वाचली म्हनून खूण कोनं केली?"